बेटांचा शोधक : आल्फ्रेड वॉलेस

इ. स. १८५२ च्या ऑगस्ट महिन्याची सहावी तारीख होती. ब्राझील देशातून इंग्लंडकडे निघालेले ‘हेलन’ नावाचे शिडाचे जहाज अटलांटिक महासागरातून चालले होते. सकाळची न्याहारी नुकतीच आटोपली होती. इतक्यात कप्तानाने येऊन सांगितले, की जहाजाला आग लागली आहे. पाहता पाहता तळातून धुराचे लोट वर येऊ लागले. खलाशांनी पुष्कळ पाणी ओतले, पण आग आटोक्यात येईना. अखेर होड्या समुद्रात सोडण्याची आज्ञा झाली.

त्या जहाजावर एकोणतीस वर्षांचा एक तरुण प्रवासी होता. ॲमेझॉन नदीच्या अरण्यात चार वर्षे हिंडून त्याने असंख्य पक्षी व कीटक जमविले होते आणि त्यांतील बराच मोठा संग्रह घेऊन तो घरी निघाला होता. धुराने कोंदलेल्या खोलीत शिरून त्याने पत्र्याची एक लहानशी पेटी तेवढी उचलली. तीत माशांची आणि ताडवृक्षांची काही चित्रे होती. बाकीचे सर्व डोळ्यांदेखत भस्मसात झाले. जहाजावर आणलेली माकडे व पोपट यांपैकी एकच पोपट पाण्यात पडल्यामुळे वाचला. ती माणसे दहा दिवस उघड्या होड्यांत, उन्हाने भाजत, लाटांवर हेलकावे खात होती. शेवटी एका जहाजाने त्यांना वर घेतले. त्या तरुणाचे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस असे होते.

आल्फ्रेडचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क या गावाजवळ झाला. वडिलांची मिळकत हळूहळू नाहीशी झाल्यामुळे घरची स्थिती ओढगस्तीची होती. चौदाव्या वर्षीच त्याला शाळा सोडावी लागली. पुढे तो आपल्या वडील भावाच्या हाताखाली जमिनीची मोजणी करू लागला. हातात मोजणीची साखळी घेऊन दिवसभर रानोमाळ हिंडावयाचे, असे ते काम होते. पायाखालच्या गवताची व झुडपांची नावे काय असतील, असे त्याला सारखे वाटे. म्हणून त्याने वनस्पतींविषयीचे एक स्वस्त पुस्तक विकत घेतले आणि फुरसतीच्या वेळी तो रोपट्यांची ओळख करून घेऊ लागला.

एकविसाव्या वर्षी लेस्टर शहरातील एका शाळेत त्याला शिक्षकाची नोकरी मिळाली. तेथेच त्याची हेन्री बेट्स या तरुणाशी मैत्री जमली. बेट्सला भुंगेरे जमविण्याचा छंद होता. एका शहराच्या आसपास भुंगेऱ्यांच्या शेकडो जाती राहतात, हे पाहून आल्फ्रेड थक्क झाला. इतक्या निरनिराळ्या जाती कशा निर्माण झाल्या असतील, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला. उत्तर शोधण्यासाठी दोघे मित्र १८४८ साली ॲमेझॉनच्या अरण्यात गेले. दोघांपैकी कोणीही धनवान नव्हते. तेव्हा पक्षी व कीटक जमवून इंग्लंडातील संग्राहकांना विकावयाचे आणि त्यावर निर्वाह करावयाचा, असे त्यांनी ठरविले. काही काळानंतर आल्फ्रेडचा धाकटा भाऊ हर्बर्टही तेथे आला. परंतु पीतज्वराने त्याचा तेथेच अंत झाला.

ॲमेझॉनच्या वास्तव्यात वॉलेसने एक गोष्ट हेरली. नदीच्या एका तीरावर माकडांच्या ज्या जाती दिसत, त्यांतील काही दुसऱ्या तीरावर मुळीच सापडत नसत. तेथील शिकाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. कोणता प्राणी हवा असेल, तर कोणत्या तीराला जावे, हे ते अचूक जाणत. प्राणी कोणता आहे, एवढेच पाहून भागत नाही. तो नेमका कोठे राहतो, हेही पाहिले पाहिजे, ही गोष्ट वॉलेसने या शिकाऱ्यांच्या देशात पक्की ओळखली. जहाजाच्या आगीत त्याचा संग्रह जळाला, परंतु हे ज्ञान जळाले नाही.

इतका आघात झाल्यावर दुसरा एखादा मनुष्य पुन्हा समुद्राचे नाव घेता ना. वॉलेसने मात्र दोनच वर्षांत नव्या प्रवासाची तयारी केली. १८५४ च्या एप्रिल महिन्यात तो सिंगापूरला उतरला. आशिया व ऑस्ट्रेलिया या दोन खंडांच्या मध्ये हजारो बेटांची एक प्रचंड माळ पसरलेली आहे. तिला मलाय द्वीपसमूह म्हणत. तिच्यातील बहुतेक बेटे आज इंडोनेशिया या देशात मोडतात. विषुववृत्तावरच्या या बेटांत बारमाही ऊन व पाऊस, धुमसणारे ज्वालामुखी आणि घनदाट अरण्ये आहेत. या बेटांवरून त्या बेटांवर हिंडत वॉलेसने तेथे आठ वर्षे काढली.

प्रथम तो बोर्निओ बेटावर गेला. तेथे ओरांगउटान या नावाचे मोठे, तांबूस केसांचे वानर राहतात. त्या काळी प्राण्यांचा अभ्यास करावयाचा म्हणजे त्यांची शिकार करून कातडी व सांगाडे जमवावयाचे, अशीच रीत होती. वॉलेसनेही तेच केले. एकदा त्याने मारलेल्या एका मादीचे लहानगे पिलू चिखलात पडलेले त्याला आढळले. त्याला एकही दात आलेला नव्हता. वॉलेसने ते उचलून घरी आणले. दूध मिळण्याची सोय नव्हती. म्हणून तो भाताची पेज बाटलीत भरून, बुचात पिसाची नळी बसवून, त्याला पाजू लागला. तो त्याला न्हाऊ घाली, त्याचे अंग पुशी, केस विंचरी. ते पिलू त्याला बिलगून राही. परंतु आईच्या दुधाची जागा पेजेने भरून निघाली नाही. सुमारे तीन महिन्यांनी ते मरण पावले. वॉलेसला त्याचे फार वाईट वाटले. ज्या हाताने आईचा जीव घेतला, त्याच हाताने पिलाला वाचविण्याची धडपड केली आणि ती विफल झाली. ही हकीकत त्याने आपल्या ग्रंथात काहीही न लपविता लिहून ठेवली आहे.

बोर्निओमध्येच त्याला अली नावाचा एक मलाय मुलगा मिळाला. प्रथम तो स्वयंपाकाच्या कामासाठी राहिला. परंतु लवकरच तो पक्षी टिपण्यात व त्यांची कातडी नीट सोडवून ठेवण्यात तरबेज झाला. वॉलेस तापाने पडला की अली त्याची शुश्रूषा करी. पुढील प्रवासात अली त्याचा मोठा आधार बनला.

१८५६ साली वॉलेसला सेलेबिस बेटावर जावयाचे होते. या बेटाला आज सुलावेसी म्हणतात. परंतु सिंगापूरहून तिकडे थेट जहाज मिळेना. म्हणून तो बाली बेटावरून वळसा घेऊन निघाला. बालीत तो दोनच दिवस राहिला. तेथे त्याला तांबट, सुगरणीच्या कुळातील पिवळ्या डोक्याचा पक्षी आणि सुतार पक्षी दिसले. बालीतील तांबट हा महाराष्ट्रात वडापिंपळांवर बसून टुक् टुक् असा आवाज करणाऱ्या तांबटाच्याच जातीचा आहे. त्या बेटावरील पक्षी असे आशिया खंडाच्या नात्यातील होते.

बालीच्या पूर्वेस लोंबोक बेट आहे. मधली सामुद्रधुनी एका ठिकाणी जेमतेम पंधरा मैल रुंद आहे. वॉलेस ती ओलांडून लोंबोकला उतरला आणि पाहतो तो सारे दृश्यच पालटलेले! बालीत पाहिलेल्या त्या पक्ष्यांपैकी एकही येथे त्याच्या दृष्टीस पडेना. त्यांच्या जागी पांढरेशुभ्र काकाकुवे कर्कश ओरडत होते. फुलांतील मध चाखणारे वेगळ्याच कुळातील पक्षी फांद्यांवर होते. कोंबडीएवढा एक पक्षी तर पालापाचोळ्याचा व मातीचा मोठा ढीग रचून त्यात अंडी पुरीत असे. कुजणाऱ्या पाल्याच्या उबेनेच ती अंडी उबत. आई त्यांवर बसत नसे. हे सर्व पक्षी ऑस्ट्रेलियाच्या नात्यातील होते.

पंधरा मैलांचे पाणी ओलांडणे पक्ष्यांना काय कठीण आहे? दोन्ही बेटांवरची हवा सारखी, पाऊस सारखा, माती व झाडेही बरीचशी सारखी. मग प्राणी इतके निराळे का? वॉलेसने या कोड्याचा पिच्छा सोडला नाही. त्याच्या ध्यानात आले, की सुमात्रा, जावा, बोर्निओ व बाली यांच्या सभोवतालचा समुद्र उथळ आहे. समुद्राचे पाणी जेव्हा खाली होते, तेव्हा ही सर्व बेटे आशियाच्या भूमीला जोडलेली असली पाहिजेत. तिकडे पूर्वेला न्यू गिनी व आरू ही बेटे ऑस्ट्रेलियाशी जोडलेली होती. परंतु बाली व लोंबोक यांच्यामधील समुद्र अतिशय खोल आहे. तेथे जमिनीचा पूल कधीच झाला नाही. म्हणून दोन्हीकडील प्राणी आपापल्या घरी निरनिराळे वाढले. पुढे या दोन जगांच्या मधून त्याने नकाशावर एक रेषा काढली. विद्वान लोक तिला ‘वॉलेस रेषा’ म्हणू लागले. हिमयुगांत समुद्राची पातळी शंभर मीटरांहूनही अधिक खाली गेली होती, हे आता शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. वॉलेसने पक्ष्यांच्या साक्षीवरून भूमीचा इतिहास ओळखला, तो असा.

सेलेबिस बेटावर तर त्याला नवलच पाहावयास मिळाले. तेथील बाबिरुसा नावाच्या डुकराचे वरचे सुळे खाली न येता नाकाडाची कातडी भेदून वर जातात आणि डोळ्यांपुढे कमानीसारखे वळतात. तेथील अनोआ नावाचा रानरेडा म्हशीच्या मानाने अगदीच ठेंगणा असतो. मालेओ नावाचा पक्षी किनाऱ्यावरील ऊन वाळूत अंडी पुरून निघून जातो आणि पिले आपली आपणच वर येतात. हे प्राणी त्या बेटाखेरीज व त्याच्या आसपासच्या काही बेटांखेरीज जगात इतरत्र कोठेही रानात आढळत नाहीत.

१८५६ च्या डिसेंबरात वॉलेस एका स्थानिक गलबतातून पूर्वेकडे निघाला आणि ८ जानेवारी १८५७ रोजी, आपल्या चौतिसाव्या वाढदिवशी, आरू बेटांवर पोहोचला. स्वर्गपक्षी पाहण्याची त्याला फार दिवसांची ओढ होती. या पक्ष्यांची वाळलेली कातडी व्यापारी लोक युरोपात नेत. त्यांचे पाय आधीच कापलेले असत. त्यामुळे हे पक्षी जमिनीवर कधी उतरतच नाहीत, असे युरोपातील लोकांना पूर्वी वाटे. मोठ्या स्वर्गपक्ष्याला तर ‘पाय नसलेला’ अशा अर्थाचेच शास्त्रीय नाव मिळाले होते.

आरूमध्ये एके दिवशी त्याच्या हाती राजस्वर्गपक्षी आला. तो साळुंकीपेक्षाही लहान होता. अंगावर झगझगीत तांबडा रंग, पोट पांढरेशुभ्र, आणि शेपटातून निघालेल्या तारेसारख्या दोन पिसांच्या टोकांना पाचूच्या रंगाची गुंडाळलेली चकती! वॉलेस त्याच्याकडे किती तरी वेळ पाहत राहिला. त्याच्या मनात विचार आला, की या अंधाऱ्या अरण्यात असे पक्षी पिढ्यान् पिढ्या जन्मले व मेले. त्यांचे सौंदर्य पाहून वर्णन करणारा कोणी विद्वान येथे आला नव्हता. तेव्हा सर्व जीव मनुष्यासाठीच निर्माण झाले आहेत, ही समजूत खरी कशी असेल? त्यांना स्वतःचे जीवन आहे. त्यांचे सुखदुःख त्यांचे आहे. आणि सुधारलेला मनुष्य या रानात शिरला, तर जे पाहून तो मोहित होईल, तेच त्याच्या हातून नष्ट होईल, अशी भीतीही त्याला वाटली. पायांना कीटक चावून झालेल्या व्रणांमुळे पुढे कित्येक दिवस त्याला झोपडीतच पडून राहावे लागले. मात्र तो विचार त्याच्या मनातून कधी गेला नाही.

१८५८ च्या आरंभी तो तेर्नाते बेटाच्या परिसरात राहत होता. फेब्रुवारी महिन्यात त्याला हुडहुडी भरून ताप येऊ लागला. पांघरूण घेऊन पडल्या पडल्या तो आपल्या जुन्या प्रश्नाचाच विचार करीत असे. जन्मणारे सर्वच प्राणी जगत नाहीत; मग जगतात ते कोणते? परिस्थितीला जे अधिक अनुरूप असतात, ते! सुमात्रा बेटावरचे एक फुलपाखरू पंख मिटून बसले की हुबेहूब वाळलेले पान दिसते. पानाशी ज्यांचे साम्य अधिक, ती फुलपाखरे पक्ष्यांच्या नजरेतून सुटतात आणि त्यांचे रूप पुढील पिढीत उतरते. असे हजारो पिढ्या चालले, म्हणजे जाती हळूहळू पालटतात. वॉलेसला उत्तर सापडले. तापातून उठताच त्याने एक निबंध लिहिला आणि इंग्लंडातील थोर निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन याच्याकडे डाकेने पाठविला.

डार्विन सुमारे वीस वर्षे याच प्रश्नावर काम करीत होता आणि त्याचेही उत्तर हेच होते. परंतु त्याने ते अद्याप प्रसिद्ध केले नव्हते. वॉलेसचा निबंध वाचून तो गोंधळून गेला. तेव्हा त्याच्या मित्रांनी १ जुलै १८५८ रोजी लंडनमधील लिनीअन सोसायटीत दोघांचेही लेखन एकत्र सादर केले. त्या दिवशी वॉलेस दूर न्यू गिनीच्या किनाऱ्यावर होता. त्याला कोणी विचारले नव्हते. ही वार्ता त्याला काही महिन्यांनी कळली. दुसरा एखादा मनुष्य रागावला असता. वॉलेसला मात्र धन्यता वाटली. या शोधाचा अधिक मान डार्विनचा आहे, असे तो आयुष्यभर मानीत आला. आपल्या एका ग्रंथाला तर त्याने डार्विनचेच नाव दिले. डार्विननेही हे ऋण ओळखले. पुढे वॉलेस पैशाच्या अडचणीत असताना डार्विनने खटपट केली आणि १८८१ साली सरकारने वॉलेसला वर्षासन दिले.

निबंध पाठविल्यावरही वॉलेसचा प्रवास थांबला नाही. त्याच वर्षी बाचान बेटावर अलीने एक अपूर्व स्वर्गपक्षी आणला. त्याच्या खांद्यांतून चार लांब पांढरी पिसे निशाणांसारखी उभी होती. युरोपातील विद्वानांना तो अज्ञात होता. त्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आज वॉलेसचे नाव आहे. परंतु तो प्रथम अलीच्या हाताला लागला, हे वॉलेसने स्वतःच नमूद केले आहे. त्याच बेटावर त्याला सोनेरी पंखांचे एक मोठे फुलपाखरू सापडले. ते जाळ्यातून काढताना त्याची छाती इतकी धडधडली, की उरलेला दिवस त्याचे डोके दुखत राहिले!

आठ वर्षांत त्याने सुमारे चौदा हजार मैल प्रवास केला. अली व इतर साथीदारांच्या मदतीने त्याने १,२५,६६० नमुने जमविले. त्यांत ८,०५० पक्षी आणि ८३,००० हून अधिक भुंगेरे होते. इंग्लंडला परत जाताना त्याने सिंगापूरला दोन जिवंत स्वर्गपक्षी विकत घेतले. वाटेत तो एक आठवडा मुंबईला थांबला आणि पक्ष्यांसाठी त्याने तेथे केळ्यांचा ताजा साठा घेतला. पक्ष्यांना किडेही लागत. परंतु आगबोटीवर झुरळे पुरेशी मिळेनात! माल्टा बेटावर पोहोचल्यावर त्याने एका भट्टीतून झुरळे पकडून बिस्किटांचे डबे भरून घेतले. अशी निगा राखल्यामुळे दोन्ही पक्षी १८६२ च्या वसंत ऋतूत लंडनला सुखरूप पोहोचले. ज्या पक्ष्यांना पाय नसतात असे लोक म्हणत, ते पक्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सर्वांना आपल्या पायांवर उड्या मारताना दिसले.

१८६९ साली त्याचा मलाय द्वीपसमूहावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे पृथ्वीवरील प्राण्यांच्या वाटणीविषयी आणि बेटांवरील जीवनाविषयीही त्याने ग्रंथ लिहिले. प्रत्येक जाती हे पृथ्वीच्या इतिहासातील एक अक्षर आहे. ती नाहीशी झाली, तर तो इतिहास वाचता येणार नाही, असे त्याने लोकांना बजाविले. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्याची भीती खोटी ठरली नाही. स्वर्गपक्ष्यांची पिसे टोप्यांत खोवण्यासाठी पुढे असंख्य पक्षी मारले गेले. ओरांगउटानांची अरण्ये मोठ्या प्रमाणावर तुटली आणि मालेओ पक्ष्याची संख्या फार घटली. तथापि सर्वच अक्षरे पुसली गेलेली नाहीत. बाचान बेटावर वॉलेसला एक प्रचंड मधमाशी सापडली होती. तिच्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ती जाती कोणाही शास्त्रज्ञाला आढळली नाही. ती १९८१ साली पुन्हा सापडली आणि २०१९ साली जवळच्याच एका बेटावर शोधकांनी तिचे जिवंतपणी प्रथमच छायाचित्र घेतले. झाडावरच्या वाळवीच्या वारुळात ती आपले घर करून राहत होती. तिला शोधणारे लोक किती वर्षे फिरत होते, याची तिला काहीच कल्पना नव्हती.